मिरच्यांच्या ठसक्यावर घेतलेली परीक्षा

शेणवा, एप्रिल २००४

तीर्थस्वरूप वन्संना बाईजाचा वाकून नमस्कार (वाकले जपूनच, कारण पुढे कळेल).

तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे तुमचे बंधू खुशाल आहेत, म्हणजे जेवण वेळेवर आहे.

गौरीत मी नाचले नाही म्हणून तुम्ही रुसलात. (तुम्हीही गुडघ्यांमुळे बसूनच होतात, पण ते असो.) भावजय शेफारली, असं मुरबाडभर झालं. वन्सं, तसं नव्हतं. समीक्षाच्या वेळच्या माझ्या बाळंतपणापासून शिंकलं, खोकलं, हसलं, उडी मारली की माझं लुगडं भिजतं. भाताच्या आवणीत हे दुखणं मला नसतं (गुडघाभर चिखलात कोण कुणाचं लुगडं बघतंय?), पण बाकीचं वर्ष कोरडं असतं आणि तुम्ही माणसाला हसवल्याशिवाय सोडत नाही. म्हणून तुमच्याजवळ बसणंच टाकलं होतं. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी व्यायाम दिला, आतून आवळायचं आणि सोडायचं. (एसटीत आवळून बसले की चेहरा असा कडक होई की कंडक्टरनं एकदा सुटे आपणहून परत केले.) थोडा गुण आला, पुरता नाही. मग म्हणाल्या, ऑपरेशनं दोन आहेत. एकात पोटाला छेद देऊन आतला भाग टाक्यांनी वर उचलून धरतात, दुसऱ्यात खालून जाळीची पट्टी घालून लघवीच्या नळीला आधार देतात. पहिल्यात दवाखान्यात जास्त दिवस राहायचं. दुसऱ्यात लवकर घरी, पण कधीकधी पट्टी आत घासून त्रास देते. गुण जवळपास सारखाच, निवड तुमची. आता भाजी कोणती करायची हेसुद्धा ज्या घरात मला कुणी विचारत नाही, तिथे ही निवड माझी.

गावात हिराबाई टाक्यांवाली आणि जना पट्टीवाली. दोघी आपापल्या ऑपरेशनची अशी तारीफ करायच्या, जशी माहेरच्या बैलांची करतात. म्हणून मी युक्ती केली. वर्षाचा मसाला करायचाच होता, दोघींना मिरच्या भाजायला बोलावलं, लवंगी मूठभर जास्त घातली आणि खिडकी लावून घेतली. असा ठसका उठला की गोठ्यातला बैलही खोकला. दोघी शिंकून शिंकून लाल झाल्या, पण उठल्या तेव्हा दोघींचे पाट कोरडे. परीक्षा घेणारी मात्र मागच्या दारानं पळाली.

परत आले तर हिराबाई म्हणाली, "बाय, मिरच्या कशाला जाळल्यास? इचारलं असतंस तरी सांगितलं असतं. मला आता लघवीला येळ लागतो. ही जना लगेच भारे उचलाया गेली नि दुखवून बसली. पन आमी दोघी हसतो गो."

तेवढंच मला हवं होतं. डॉक्टरीणबाईंना विचारून पट्टी ठरवली आहे. ऑपरेशनला कल्याणला जायचं आणि लवकर घरी यायचं, म्हणजे आवणीपर्यंत सावरेन.

तुमची,
बाईजा

ता. क. तुमच्या बंधूंना "बायकांचं दुखणं" एवढंच सांगितलं. ते लगेच बाहेर गेले, अजून दुसरा प्रश्न आलेला नाही.

आणखी ता. क. मसाल्याची बरणी आपल्या संदेशबरोबर पाठवली आहे. येत्या मंगळवारी शहापूरच्या स्टँडवर या. बाईंना दोघी येतो म्हणून सांगितलं आहे. तुम्हाला कोणतं ऑपरेशन लागेल, की व्यायामावरच भागेल, ते तपासून ठरेल. गुडघ्यांचं निमित्त नको. दिवाळीत सगळ्यांना हसवता हसवता तुम्ही एकदम उठलात आणि सतरंजी स्वतः विहिरीवर नेऊन धुतलीत. मी सगळ्यांना सांगितलं, मांजरानं तांब्या लवंडला.

वन्सं, आपल्या घरात मांजर कधी नव्हतंच.