निम्मी अंगणात आली

नकोदर, १२ नोव्हेंबर १९८१

ति. वीरजी यांस धाकट्या बहिणीचा, स्वर्णचा सत श्री अकाल. वि. वि.

बीजी बरी आहे, लेकाची आठवण काढते, डोळ्यांनी मात्र फार कमी दिसतं. ऊस उभा आहे. आज लिहायचं ते वेगळंच. उन्हाळ्यात तुम्ही लंडनहून तार केलीत, की निम्मी तापाने गेली. आम्ही गुरुद्वाऱ्यात तिच्यासाठी ग्रंथाचा पाठ ठेवला, तिच्या फोटोला हार घातला. तुमची लेक काल दुपारी बॅग घेऊन अंगणात उभी राहिली. शेजारची बंतो किंचाळून पळाली, ती अजून फिरकलेली नाही. निम्मीने फोटो पाहिला आणि मला विचारलं, की बुआ, मी कधी गेले? मी काय सांगू?

उत्तर धाडा. माया आहेच, ती आटू देऊ नका.

स्वर्ण

साउथॉल, लंडन, २४ नोव्हेंबर

चि. स्वर्ण हिस मोहिंदरचे आशीर्वाद.

निम्मीने एका जमैकन बस ड्रायव्हरशी लग्न केलं. उंबरठा ओलांडलास तर मला मुलगी नाही, असं मी सांगितलं होतं. तिने ओलांडला. बिरादरीत काय तोंड दाखवणार होतो? गेली म्हणणं त्यातल्या त्यात सोपं गेलं. आता जिन्यावर पाऊल वाजलं की तीच आली असं वाटून तुझी भाभी आणि मी दोघंही घास हातात घेऊन थांबतो. तिला ठेवून घेऊ नकोस. बीजीची काळजी घे. लोभ ठेव.

मोहिंदर

नकोदर, ९ डिसेंबर

ति. वीरजी आणि भाभी यांस स्वर्णचा सत श्री अकाल. वि. वि.

निम्मी परवा लंडनला परत गेली. बीजीने तिला चाचपून पाहिलं आणि आत्मा उपाशी परत आला म्हणून रोज साग-रोटी भरवली. निम्मीनेही ते खोडलं नाही. मला म्हणाली, की निदान मेल्यावर तरी कुणी जवळ बसवतंय. बीजीने विचारलं, तिकडे कुणी आहे का तुझं? तिने सांगितलं, नवरा आहे, जीव लावतो. निघताना बीजीने तिच्या पोटावर हात ठेवला, तो बराच वेळ उचलला नाही. मग मला म्हणाली, की मेलेल्यांना लेकरू होत नाही, एवढं मोहिंदरला लिही.

ते लिहिलं. राग धरू नये, ही विनंती.

स्वर्ण

साउथॉल, ३ जानेवारी १९८२

प्रिय स्वर्ण बीबी हिस तेज कौरचा सत श्री अकाल. वि. वि.

तुझं पत्र यांनी वाचलं आणि कोट घातला. मी मागून निघाले. निम्मीच्या गल्लीत शिरल्यावर यांचे पाय थांबले. बेल मी वाजवली. जावयाने दार उघडलं आणि मला आईला म्हणावं तसं बीजी म्हणाला, अडखळत, पण आपल्या बोलीत. निम्मी माझ्या गळ्यात पडली. मग तिने खिडकीतून पाहिलं. हे समोरच्या फुटपाथवर उभे होते. तिने दोनदा हाक मारली. हे हलले नाहीत.

आता मी जाते तेव्हा हेही येतात. थंडीत तिथेच उभे राहतात, दारापर्यंत येत नाहीत. निम्मी खिडकीचा पडदा उघडा ठेवते. म्हणते, की घरात कुणीतरी फिरतंय असं वाटत राहतं, आणि बाहेर पाहिलं तर पापाजी असतात.

बीजीच्या पाया पडते म्हणून सांग. आम्हाला विसरू नकोस.

तुझी भाभी