नेट लावलं की थिजतो

सोम. ६ ऑक्टो.
फर्स्ट शिफ्ट. सव्वाचारला घरी, साडेचारला कॉम्प्युटरपुढे. नेटची वायर काढली की बेटा शहाण्यासारखा चालतो, पत्त्यांचा डावसुद्धा मांडून देतो. वायर लावली की दहा मोजायच्या आत बाण थिजतो. मग बटण दाबून मारायचा, पुन्हा उठवायचा. आज सात वेळा मारला. अठरा वर्षं मेंटेनन्सला आहे. चाकणला अख्खी प्रेस लाइन माझं ऐकते आणि घरातला हा डबा ऐकत नाही. लाज वाटते.

मंगळ. ७
डोक्यात गोंधळ नको म्हणून लिहून ठेवतो. जुनी लाइन दिवाळीनंतर बंद. नव्या रोबोट लाइनवर राहायचं तर घरून ऑनलाइन परीक्षा, १५ ता. पर्यंत. मोबाईलवर चालत नाही. कॉम्प्युटर, कॅमेरा आणि खोलीत एकटा माणूस. संधी दोन. नापास म्हणजे गुजरातच्या प्लांटला बदली.
पहिली संधी परवा रविवारी नेट कॅफेत घालवली. कॅमेऱ्यात मागच्या गिऱ्हाइकाचं तोंड आलं, परीक्षा रद्द. सांगवीला मनीषाकडे जाऊन द्यावी तर जावयाचा लॅपटॉप ऑफिसचा, त्यात बाहेरचं काही उघडत नाही. म्हणजे हाच डबा.
शोभाला सगळं सांगितलं. शांतपणे म्हणाली, "तुम्ही जा. मी निगडी सोडणार नाही." तिचं चूक नाही. लातूरहून आल्यावर दहा वर्षं तिला इथं करमत नव्हतं. आता कुठं जीव रमलाय. पण एवढ्या लवकर म्हणायला नको होतं.

बुध. ८
कंपनीची पद्धत लावली. ब्रेकडाउन झाला की आमच्याकडे पाच वेळा 'का' विचारतात. पाचव्या 'का'ला मूळ सापडतं म्हणे. कागद भिंतीला चिकटवला.
१. का थिजतो? नेट जोडलं म्हणून.
२. नेट जोडल्यावरच का? माहीत नाही.
तिथंच गाडी अडली. खाली नुसतेच का, का, का. शोभाने वाचून विचारलं, हे काका कोण? नंतर चहा देताना परत, काकांचं काय म्हणणं आहे. हसू आलं. मग उगाचच तिच्यावर ओरडलो.

शुक्र. १०
हे सगळं दसऱ्यानंतर सुरू झालं, हे आज बसमध्ये लक्षात आलं. घरी आल्या आल्या वायर बसते त्या भोकात टॉर्च मारला. आत लाल. कुंकू! खंडेनवमीला डबा पाटावर ठेवून मीच पूजा केली होती. कंपनीत प्रेसला पाची बोटांनी लावतो तसं कालवलेलं हळदकुंकू मागं-पुढं सगळीकडे लावलं. प्रेसला काही होत नाही, ती लोखंडाची.
टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन तासभर साफ केलं. कागदावर लिहिलं, ऑपरेटरची चूक. ट्रेनिंगला सांगतात हे उत्तर चालत नाही, पण मी दुसऱ्यांच्या नावापुढं किती वेळा लिहिलंय. वायर लावली. मोजायला लागलो. नऊला थिजला.

शनि. ११
गाडे आला. माझ्याच शिफ्टचा, चाकणजवळच्या गावातला. त्याने मोबाईलचं नेट दुसऱ्याच भोकातून जोडून दिलं. तरी थिजला. म्हणजे कुंकवाचा दोष नव्हताच.
गाडे मागच्या आठवड्यात पास झालाय. आनंद दाखवत नव्हता, ते जास्त लागलं. जाताना गाडीवर बसून म्हणाला, "आमी पास झालो राव, पर तू न्हाईस तर मशिनीचा आवाज कोन वळखणार?" रोबोटला आवाज नसतो, मी म्हणालो. त्याने गाडी सुरू केली.

रवि. १२
मनीषा आली. अर्ध्या तासात सापडलं. दसऱ्याला काहीतरी नवीन घ्यावं म्हणून मी मुहूर्तावर अँटीव्हायरस टाकला होता. तिने कॉलेजात असताना टाकलेला जुना होताच. तो काढला नाही. पहिलं असताना दुसरं घेऊ नये असं कोणी सांगितलंच नाही. नेट आलं की दोघं एकमेकांना चोर समजून धरतात.
तिने माझा काढला. वायर लावली. दहा गेले, वीस गेले, शंभर गेले. चाळीस मिनिटं चालला. शोभा शिरा करायला उठली. आणि थिजला.
आता हार्डडिस्क म्हातारी झालीय, मनीषा म्हणाली. नवी बसवली तर सगळं पहिल्यापासून टाकावं लागेल, पप्पा. तेवढे दिवस आहेत कुठं? शिरा गुपचूप खाल्ला.

बुध. १५
रजा टाकली. दार लावून एकटा बसलो. परीक्षा पाऊण तासाची, डबा चालतो चाळीस मिनिटं. लॉगिन आणि कॅमेरा तपासण्यातच पंधरा मिनिटं गेली. घाई केली. प्रश्न सोपे होते हो. हातानं केलेलीच कामं, नावं तेवढी इंग्रजी. चाळीसपैकी सव्वीस झाले. सत्ताविसाव्याला बाण थांबला.
कोपऱ्यात कॅमेऱ्यातलं माझं तोंड, डोळे अर्धवट मिटलेले. वेळ बावीस मिनिटं शिल्लक, तीही थांबलेली. इथं थांबली, तिकडं थोडीच थांबणार. बटण दाबायचा धीर झाला नाही. हात मांडीवर ठेवून तसाच बसून राहिलो. रडू आलं. पन्नाशीला आलेला माणूस.

शुक्र. १७
बोर्डावर यादी लागली. एकेका नावापुढं पास किंवा नापास. माझ्या नावापुढं 'चालू'.
साहेबांकडे गेलो. त्यांनाही कळेना. सिस्टिममध्ये माझी परीक्षा अजून चालूच दिसते, त्यामुळे पासही करता येत नाही, नापासही. वर कळवलंय म्हणाले. किती दिवस, ते सांगता येत नाही. बदलीची यादी मात्र सोमवारी जाणार.
अठरा वर्षं ब्रेकडाउनच्या स्लिपवर शेवटी हाच शब्द लिहून सही केली. मशीन चालू. लिहिलं की सुटलो, घरी जायचं.
शोभाने विचारलं, काय झालं. चालू आहे, म्हणालो. तिने हात पुसले. मग माळ्यावरची बॅग काढली, लहानवाली, आणि विचारलं, "तिकडं स्वेटर लागतो का हो?"
मला माहीत नाही म्हणालो.