चंद्रपतंगाच्या नोंदीची दुरुस्ती

मी, गोपाळ नरहरी काटीकर, वय ७६, निवृत्त शिक्षक, राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोळे अधू आहेत, डोके ठिकाणावर आहे. लाज कबूल करायला मात्र सहा वर्षे लागली.

१. राहते घर बागेसह कन्या सई हिला. डाळिंब तोडू नये.

२. पुतण्या अवधूत याने मला न विचारता बागेत औषध फवारले होते. त्याचा पंप त्याला परत द्यावा. आणखी काही देऊ नये.

३. पतंगांच्या नोंदवह्या, नग अकरा. दर आश्विन-कार्तिकात बागेत दिव्यापुढे पांढरे धोतर टांगायचे आणि उजाडताना, बुलबुल टिपायला येण्याआधी, त्यावरचे पतंग मोजायचे, हे माझे व्रत असे लोक समजतात. खरे म्हणजे डोळ्यांचे निमित्त करून मी अंथरुणातच असायचो. झाडलोटीला येणारी मल्लव्वा मोजायची, रंग-ठिपके सांगायची. मी भिंग लावून पुस्तकात नाव शोधायचो.

१४ ऑक्टोबर २०१८ रोजी ती म्हणाली, "मास्तर, शेपटीचं पोपटी पाखरू बसलंय की डाळिंबावर." "पान असेल," म्हणून मी कूस बदलली. तिने त्यावर कचऱ्याची पाटी झाकली आणि मी उठेपर्यंत ती राखण करत बसली. उशीर झाला म्हणून पुढच्या घरचे तिचे काम सुटले. तो चंद्रपतंग होता, आमच्या बागेतला पहिला आणि शेवटचा. वहीत मी लिहिले, "निरीक्षक : स्वतः."

एका महाविद्यालयाने माझा सत्कार केला. "पहाटे उठल्याशिवाय निसर्ग दिसत नाही," असे मी तिथे ठोकून दिले. घरी येऊन शाल मल्लव्वाकडेच घडी घालायला दिली. आठवले की मान वर होत नाही.

सबब त्या पानावरचे माझे नाव खोडून तिचे लिहावे. शाल तिला द्यावी. मागची खोली तिच्या हयातीपर्यंत तिची. हे कलम माझ्या पश्चात तिला खुर्चीवर बसवून वाचून दाखवावे. समोर सांगायची माझी हिंमत नाही.

४. (सहीपूर्वी वाढवलेले.) साक्षीदार तिप्पण्णा यांनी कागद वाचून खाली ठेवला. "मेल्यावर कशाला, मास्तर? ती हितंच हाय की." मल्लव्वाला बोलावून कलम तीन मीच वाचले. अर्ध्यावरच ती म्हणाली, "मला ठाव हाय. वहीतलं नाव सईताईनं तवाच वाचून दाखिवलं हुतं."

म्हणजे लेकीलाही माहीत होते. मग सहा वर्षे पाखरे का सांगत राहिलीस, असे मी विचारले.

"तुमाला दिसत न्हवतं की."

"माझ्या पश्चात" हे शब्द खोडले आहेत. वहीतले नाव आज माझ्या हाताने बदलले. मल्लव्वा खुर्चीवर बसायला तयार झाली नाही, म्हणून मीही उभ्यानेच सही केली आहे. अक्षर वाकडे आले आहे, ते माझेच समजावे.

(सही) गोपाळ नरहरी काटीकर

साक्षीदार : १. तिप्पण्णा हलकुडे (सही) २. उत्कर्षा बार्शीकर, वकील (सही)

सोलापूर, ७ नोव्हेंबर २०२४