तारा बसेपर्यंत

१ मार्च, रविवार. सकाळी ७
काल बाबांनी त्यांची ल्यूट, गिटारच्या जातीचं ते जुनं युरोपी तंतुवाद्य, मला दिली. कायमची. पेटी, पायाखालचं स्टूल, वही, सगळं. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो.

२८ तारखेला ग्रंथालयाच्या छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. त्यातली बारा मिनिटं बाबांची होती. त्यांनी परस्पर कळवून टाकलं, मी नाही, मुलगी वाजवेल. मला मागाहून सांगितलं. मी म्हटलं, वाजवीन की, त्यात काय.

हे मी का म्हटलं कोण जाणे. चार वर्षं वाद्याला हात लावलेला नाही. पण पाया पक्का आहे. शाळेत जायच्या आधी मला इंग्रजी अक्षरं आली ती बाबांच्या वहीतूनच, कारण ल्यूटचं वादन a, b, c अशा अक्षरांत लिहितात.

रोज दीड तास, सहा ते साडेसात. आज सात वाजलेच, म्हणून उद्यापासून. नखं कापायची. ल्यूट बोटाच्या मांसाने वाजवतात, नख लागलं की आवाज पत्र्यासारखा येतो.
आणि या वहीत खोटं लिहायचं नाही.

३ मार्च, मंगळवार
सूर जुळवण्यात पन्नास मिनिटं गेली. एकोणीस तारा. एक लावावी तर आधीची उतरलेली. मग चष्म्याच्या दुकानात कामाला जायची वेळ झाली. तरी कान तयार होतोच. रियाज: ५० मिनिटं.
दुरुस्ती: ४६. चार मिनिटं चहा.

नखं राहिली. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू उचलायला नखच लागतं, चिमट्याने तो उडतो. दुकानाचे मालकही हेच म्हणाले (मी विचारल्यावर). रविवारी कापीन.

८ मार्च, रविवार
खुंटी घसरते. तिला खडू लावला. आता फिरतच नाही. साबण लावला. आता थांबतच नाही.

हवेतल्या दमटपणाचं मीटर आणलं. सकाळी ५८, संध्याकाळी ६३. तक्ता आखला, लाल आणि निळ्या पेनने. लाकूड हवेप्रमाणे फुगतं, हे समजून न घेता वाजवत सुटणं हा अडाणीपणा.

बाबांचा फोन. काय बसवते आहेस? म्हटलं, तुमच्या वहीतली ती संथ नृत्याची धून. कसं चाललंय? म्हटलं, चाललंय.
यात खोटं काही नाही. काहीतरी चाललेलं आहेच.

११ मार्च, बुधवार
बैठकच चुकते आहे. ल्यूटची पाठ गोल, मांडीवरून घसरते. मांडीवर चष्मे पुसायचं कापड घेतलं. जास्तच घसरली. न्हाणीघरातलं रबरी पायपुसणं घेतलं. घसरत नाही, पण मन लागत नाही. खुर्ची चार सेंटीमीटर उंच आहे. सुताराला विचारायचं.

जिन्यात वरच्या काकू भेटल्या. महिन्याच्या सुरुवातीला मी त्यांच्याकडे जाऊन रोजच्या आवाजाबद्दल आगाऊ माफी मागून आले होते. म्हणाल्या, अगं, सुरू करशील तेव्हा सांग हो, आम्ही कान देऊन बसतो रोज. म्हटलं, काकू, ल्यूटचा आवाज मुळातच नाजूक. त्या म्हणाल्या, इतका?

१५ मार्च, रविवार
आज खरोखर वाजवलं. पहिल्या दोन ओळी गेल्या. तिसऱ्या ओळीत करंगळी लांब टाकावी लागते, तिथे अडकले. अकरा वेळा. अकराव्या वेळी कारण सापडलं. तारा जुन्या झाल्यात.

नखं कापणार होते, पण आधी तारांचं बघू.

१९ मार्च, गुरुवार
ल्यूट घेऊन वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे गेले. कोंदट खोली, सरसाचा वास, भिंतीवर बिनमानेच्या गिटारी. त्यांना तिसरी ओळ दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ती वाजवून टाकली. मध्ये भाच्याचा फोन आला, त्याच्याशी बोलत बोलत दुसऱ्यांदा वाजवली. म्हणाले, हिला काही झालेलं नाही, ठणठणीत आहे. तुमची तब्येत कशी आहे?

थट्टेखोर माणूस. त्यांची बोटं लांब आहेत, म्हणून त्यांना सोपं जातं.
निघताना तारांचा नवा संच मागितला. म्हणाले, आत्ता कशाला? कार्यक्रम झाल्यावर या. मी घेतलाच.

२४ मार्च, मंगळवार
एकोणीसच्या एकोणीस तारा बदलल्या. तातीच्या, म्हणजे आतड्याच्या. साडेतीन तास. गाठी सुरेख आल्या.

नवी तात ताणत राहते, दहाएक दिवसांनी बसते, तोवर सूर धरत नाही, हे मला माहीत आहे. बाबांनी नवव्या वर्षी शिकवलं होतं. पण तेव्हाच्या तारा वेगळ्या असत. हल्ली बनवण्यात खूप सुधारणा झाली असणार.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण खोटं लिहायचं नाही असं ठरलंय. जुन्या तारा काढताना फार बरं वाटलं. एकेक सुटत गेली तसं. शेवटी ल्यूट नुसती फळी उरली, तेव्हा तर गाढ झोप लागेल असं वाटलं.

२७ मार्च, शुक्रवार
आईबाबा आले. बाबा म्हणाले, उद्याचं एकदा ऐकू दे. खुर्ची ओढून बसले, इस्त्रीचा शर्ट घालून.

मी जुळवायला घेतलं. नवव्या तारेपर्यंत पोचले तोवर पहिली उतरली होती. परत. परत. आई म्हणाली, किती वेळ लावतेस गं, चहा टाकू का?  वीस मिनिटांनी बाबा म्हणाले, तारा कधी बदलल्यास?
म्हटलं, मंगळवारी.
कुणी सांगितलं?
म्हटलं, कारागिरांनी.

हे इथे लिहिते आहे. तिथे खरं बोलता आलं नाही.

मग त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा थरथरत होता, त्यामुळे माझाही थरथरायला लागला. डाव्या हाताच्या बोटांची टोकं त्यांनी अंगठ्याने चाचपली. तिथे घट्टे असायला हवेत. मग उजव्या हाताची नखं पाहिली. लांब, नीट घासलेली.
म्हणाले, दुकानात स्क्रू उचलायला लागत असतील.

आई म्हणाली, अहो, पण उद्याचं काय? बाबा म्हणाले, बघू.

२८ मार्च, शनिवार
बत्तीस खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. पुढच्या रांगेत बाबांचे तीन जुने सोबती, त्यांच्याबरोबर वाजवणारे. मी मागे, पेटी मांडीवर घेऊन. पेटी घसरत नाही.

आमची पाळी आली तेव्हा बाबा उठले. म्हणाले, मंडळी, गडबड झाली. तारा बदलायला मीच सांगितलं, आणि दिवस मोजायला चुकलो. मुलगी तयार होती. दोष माझा.
पुढच्या रांगेतून एक काका ओरडले, अरे, तू? तू आम्हाला दहा दिवस आधीपासून तार बदलू द्यायचा नाहीस, आणि आता तू? सगळे हसले. बाबाही हसले. म्हणाले, म्हातारा झालो.

चाळीस वर्षांत त्यांच्या हातून ही चूक एकदाही झालेली नाही. त्या तिघांना ते पक्कं माहीत आहे. तरी त्यांनी विश्वास ठेवला, कारण बाबा खोटं बोलत नाहीत.

ग्रंथपाल बाईंनी आम्हा दोघांना फुलं दिली. माझी घेतली, कारण न घेणं दिसलं असतं. घरी येऊन देठं तिरकी कापून पाण्यात ठेवली.
दमटपणा लिहायचा राहिला.

५ एप्रिल, रविवार. सकाळी ६
बाबांचा फोन काल संध्याकाळी. तारा बसल्या? म्हटलं, बसल्या. बरं, म्हणाले, आणि मग, मला परवापासून सर्दी आहे, तिची चौकशी केली.

खरंच बसल्या आहेत. काल सकाळी लावलेला सूर आजही तसाच आहे, एकोणीसच्या एकोणीस. खुंट्या धरतात. सुताराने खुर्ची कापून दिली. मीटरवर ५५. वरच्या काकू गावाला गेल्या आहेत.
नखं कापली. कागदावर जमा झालेली मोजली, दहा.

मग वाजवलं. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीत करंगळी पोचली नाही.
सवयीने तार तपासली.
सुरात होती.