पाठवणाऱ्याचा पत्ता : नेपियर टाउन

नेपियर टाउन, जबलपूर
सोमवार, २ जून

चि. अमेयास अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप असल्याचे दिवाकरकडून कळले आणि देवापुढे दिवा लावला. क्षेमकुशल येथे संपले. आता घटना, ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने.

गुरुवारी सकाळी शेजारची नंदा मोबाइल नाचवत घरात शिरली. त्यावर विमानाच्या पंखाखाली टांगलेल्या एका बॉम्बचे छायाचित्र होते. बॉम्बच्या अंगावर पांढऱ्या खडूने लिहिले होते, ‘सप्रेम भेट. विनताआत्या, नेपियर टाउन, जबलपूर.’ शुक्रवारी एका स्थानिक हिंदी दैनिकाने तेच छायाचित्र ‘बुआजी का तोहफ़ा’ या मथळ्याखाली छापले. शनिवारी मी कुड्यांची फिरकी बदलून घ्यायला सराफ्यात गेले, तर सोनाराने दुकानभर गिऱ्हाइकांना माझी ओळख बमवाली बुआजी म्हणून करून दिली आणि एका बाईने माझ्या पायांना हात लावला. रविवारी मराठी मंडळाचे चिटणीस योगेंद्र घरी आले. माझा सत्कार ठरला आहे, असे त्यांनी मला कळवले. विचारले नाही, कळवले.

अक्षर तुझे आहे. नाकारू नकोस. ‘भ’ची गाठ तू सातवीत अर्धी सोडत होतास, आजही सोडतोस.

मी दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षे काय केले हे तुला ठाऊक आहे असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला, म्हणून पुन्हा लिहिते. बॉम्बने केव्हा फुटायचे हे ज्या भागावर अवलंबून असते तो फ्यूज मी तपासत असे. विद्यापीठात पदार्थविज्ञानात पहिली आले ती याच कामासाठी, असे मी मानत आले. दारू भरण्याच्या विभागात शिरण्यापूर्वी आम्ही बायका बांगड्या, केसांतल्या पिना, मंगळसूत्र, सगळे दाराशी काढून ठेवत असू. धातूची ठिणगी पडू नये हे त्याचे कारण. परंतु मला त्यात दुसराही अर्थ दिसे. दारूजवळ जाताना माणसाने आपली नाती बाहेर ठेवून जावे. मालाच्या अंगावर दोनच गोष्टी लिहिल्या जात, त्याचा क्रमांक आणि तपासणाऱ्याचा शिक्का.

तो शिक्का म्हणजे एक शब्द होता. ज्या हातांनी हा माल विमानाला लावायचा, त्या हातांना दिलेला, की हा वेळेआधी फुटणार नाही. म्हणजे तुझ्यासारख्यांना. पलीकडे ज्यांच्यावर तो पडणार त्यांच्यासाठी माझ्याजवळ कोणताच शब्द नव्हता. प्रेमाचा तर नव्हताच.

गैरसमज नको. मी शांततेची प्रवचने देत नाही. त्या कारखान्याच्या पेन्शनवर जगणाऱ्या बाईला ती शोभणार नाहीत. लढाई करावी लागली तर ती चोख करावी. पण मारायला धाडलेल्या वस्तूवर ‘सप्रेम’ लिहिणे हा चोखपणा नव्हे, तो असभ्यपणा आहे, आणि त्याखाली माझे नाव आहे.

मला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. माझे नाव वापरण्याची परवानगी तुला कोणी दिली? आणि ती वस्तू विमानाबरोबर परत आली की नाही?

माझा लोभ तुला कधी मागावा लागला नाही. उत्तर मात्र मला मागावे लागत आहे.

विनताआत्या

*

मार्फत ५६ ए.पी.ओ.
१२ जून

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. उभ्यानंच वाचलं, बसायची हिंमत झाली नाही. मराठीत लिहून राहिलो आहे, लाल पेन जवळ घेऊनच वाच.

अगं, इतकं काहून रागावतेस? आमच्या सेक्शनचा हा रिवाज आहे. विमानाला माल लावून झाला की पोरं खडू काढतात. कोणी गावाचं नाव लिहितो, कोणी आईचं. एकानं बायकोचं नाव लिहिलं, तर बाकीच्यांनी त्याला धरलं, की भैया, भाभीपासून इतका त्रास आहे तर तलाक घेऊन टाक. त्या दिवसांत तेवढंच हसणं होतं गं. झोप नाही, जेवण उभ्यानं, सायरन वाजला की खंदकात. सार्जंट धनेशनी खडू माझ्या हातात दिला, म्हणाले, साहेब, तुम्ही पण. मला एकदम तूच आठवलीस.

पत्ता लिहायची सवय कोणाची? मी होस्टेलला होतो तेव्हा दिवाळीच्या डब्यावर चारी बाजूंनी कोण पत्ता लिहायचं? पाठवणाऱ्याचं नाव नसलेली वस्तू म्हणजे पाठवलेली नव्हे, फेकलेली, असं तूच शिकवलंस. हात आपोआप चालला. ‘सप्रेम भेट’सुद्धा त्या डब्यावरचंच.

अन् खरं सांगू? माल लावल्यावर शेवटी आम्ही सुरक्षेच्या पिना काढतो. लाल फिती असतात त्यांना. त्या हातात उंच धरून वैमानिकाला दाखवायच्या, तो मोजतो, मान हलवतो, मग विमान निघतं. दर वेळी पिन ओढताना मला तुझा शिक्का आठवतो. आत्यानं पाहिलंय, म्हणजे हातात फुटणार नाही. लहानपणी परीक्षेला जाताना तुझ्या पाया पडायचो, तसंच आहे ते. परवानगीचं म्हणशील तर ती मी मनातच धरली होती. चुकलं असेल तर कान पकडतो.

फोटो मी काढला नाही. ज्यानं काढला त्याची चौकशी चालू आहे आणि माझीही झाली.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. ड्यूटी आहे, समजून घे. चलो, सत्काराला जा. बाबांनी नवीन जाकीट शिवलंय म्हणे.

राग थोडा कमी अन् माया होती तेवढीच ठेव.

तुझा अमेय

*

गोरखपूर, जबलपूर
१५ जुलै

ती. ताईस दिवाकरचा सा. नमस्कार.

एकाच गावात राहून टपालाचं तिकीट लावून राहिलो, हसशील. पण तुझ्या दारात आलो तर माझा आवाज चढेल, अन् ज्योतीनं मला शपथ घातली आहे की बहिणीशी बोलायचं असेल तर लिहून बोला.

रविवारी तू काय केलंस, ताई? हॉल भरलेला. भानुमतीबाईंनी ईशस्तवन म्हटलं, योगेंद्रनं तुझ्या शिक्षणाचं कौतुक सांगितलं, एकही पदवी चुकवली नाही. मी पहिल्या रांगेत जाकीट घालून बसलेलो. मग तू माइक घेतलास. आभार मानशील असं वाटलं, अन् तू सभेला विचारलंस की ती वस्तू कुठे पडली हे इथे कोणाला ठाऊक आहे का. पुढे म्हणालीस की ज्या कामाचा शेवट कोणालाच माहीत नाही त्याची शाल मी घेणार नाही. शालीची घडी केलीस, तीसुद्धा काठाला काठ जुळवून, खुर्चीवर ठेवलीस, वर नारळ ठेवलास अन् निघून गेलीस. मागून एक पोरगं ओरडलं, बमवाली बुआ फुस्स. सगळे हसले. मी कुठे पाहू?

मला माझ्या इज्जतीचं सांगायचं नाही. अमेयचं सांगायचं आहे. तो चार दिवस येऊन गेला. तुझ्याकडे आला नाही, ते तुला लागलं असेल. त्याच्या जुन्या शाळेनं बोलावलं म्हणून गेला, मी सोबत होतो. बाईंनी कौतुकानं खडू दिला, म्हणाल्या, बेटा, मुलांना विमान काढून दाखव. पोरानं खडू हातात घेतला, फळ्याकडे तोंड करून उभा राहिला, अन् तसाच उभा. मुलं चुळबुळ करू लागली. मग त्यानं खडू टेबलावर ठेवला अन् बाहेर निघून गेला.

हे तुझ्या पत्रानं झालं. जीव धोक्यात घालून आलेल्या पोराला तू शुद्धलेखन तपासल्यासारखं तपासलंस. आता त्याला लिही की झालं गेलं विसरलीस. एवढं एक माझं ऐक. मोठी आहेस, मोठं मन कर.

ज्योतीचा नमस्कार. धाकट्यावरची माया आटली नसेल तर उत्तर दे.

दिवाकर

*

मार्फत ५६ ए.पी.ओ.
२४ जुलै

ती. आत्यास सा. नमस्कार.

बाबांनी तुला काय लिहिलं ते मला कळलं. त्यांचं ऐकू नको. तुझ्या पत्रानं काही झालं नाही. तुझ्या पत्रानं फक्त विचारलं.

जबलपूरला आलो तेव्हा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. तुझ्या फाटकावरची पाटी दिसली. ‘विनता’ हे नाव अन् खाली पत्ता, तेच शब्द, त्याच क्रमानं. परत फिरलो.

विमान परत आलं. पंखाखालची ती जागा रिकामी होती. वैमानिकानं खाली उतरून माझ्या खांद्यावर थाप मारली. माझ्या बोटांना तेव्हाही खडू होता.

नंतर वरून घेतलेले फोटो पाहिले. ठाणं त्यांच्या फौजेचंच होतं, त्यात शंका नाही. जे करायचं होतं तेच झालं. आधीच्या फोटोत खोल्यांच्या मागे एक दोरी होती अन् दोरीवर कपडे वाळत होते. कोणीतरी सकाळी धुतले असतील. नंतरच्या फोटोत दोरी नाही. बस, एवढंच आहे. इतकं लिहायलाही नको होतं.

धनेश परवा म्हणाले, साहेब, तुम्ही हल्ली पिना दाखवताना वैमानिकाकडे पाहतच नाही. मी म्हटलं, ऊन येतं डोळ्यावर.

मी ड्यूटी सोडणार नाही, उद्या हुकूम आला तर पुन्हा लावीन. पण तुझं नाव तिथे राहिलं. ते परत कसं आणू ते सांग. तुला सगळं येतं.

तुझा अमेय

*

नेपियर टाउन, जबलपूर
शुक्रवार, १ ऑगस्ट

चि. अमेयास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र एकदाच वाचले. ते दुसऱ्यांदा वाचण्याची गरज नव्हती.

दिवाकरला मी कळवले आहे की विसरणे हा मोठ्या मनाचा पुरावा नसून कच्च्या स्मरणशक्तीचा आहे. तो पुन्हा चिडेल. चिडू दे.

माझे नाव परत कसे आणायचे, असे तू विचारतोस. ते येत नाही. परंतु तुझी चूक नेमकी कोणती हे तुला अजून कळलेले नाही, आणि अर्धवट कळलेली चूक माणसाला कुरतडत राहते, म्हणून सांगते. आमच्या विभागात शर्मिला नावाची एक हुशार मुलगी होती. मैत्रीण आजारी म्हणून तिने तिच्या वाट्याचा माल तपासला आणि त्यावर मैत्रिणीचाच शिक्का मारला. माल निर्दोष होता, हेतूही निर्मळ होता. तरीही मी तिला त्याच संध्याकाळी विभागातून काढायला लावले. शिक्का काम करणाऱ्याचा असतो. तो प्रेमाने उसना घेता येत नाही.

तू माझी आठवण आली म्हणून माझे नाव लिहिलेस, असे तुला वाटते. मला तसे वाटत नाही. खडू हातात आला तेव्हा तिथे एक नाव लिहायचे होते आणि ते तुझे होते. ते तुझ्याच्याने लिहवेना. म्हणून आयुष्यभर जिने तुझ्या चुका दुरुस्त केल्या तिचे लिहिलेस, की हेही ती पाहून घेईल. याचा मला संताप आहे, आणि तो या पत्राने संपणार नाही.

आता पत्त्याविषयी. डब्यावर चारी बाजूंनी पत्ता लिहायला मी शिकवले, ते खरे. कशासाठी, हे तू विसरलास. पोहोचले नाही तर वस्तू परत यावी म्हणून, आणि पोहोचली तर उत्तर यावे म्हणून. ती वस्तू पोहोचली. ज्याचे कपडे त्या दोरीवर होते त्यालाही कोणी आत्या असेल. तिच्या हाती ते छायाचित्र पडले, कोणी तिला ती अक्षरे वाचून दाखवली आणि तिने विचारले की ही विनता कोण, आणि हिचे आमच्यावर कसले प्रेम, तर तो प्रश्न माझ्या फाटकावर येईल. तुझ्या नव्हे.

मी त्याचे उत्तर तयार ठेवले आहे. त्यातला फ्यूज माझ्या हाताखालून गेलेला असू शकतो, कारण तपासलेला माल वर्षानुवर्षे साठ्यात पडून असतो. गेला असेल तर तो मी नीट तपासला होता. त्यात प्रेम नव्हते, द्वेषही नव्हता. ‘सप्रेम’ हा शब्द खोटा होता आणि तो लिहिल्याबद्दल आमच्या घराला लाज वाटते. माझ्या हातचे उत्तर एवढेच. उरलेले अर्धे तुझे आहे, आणि ते मी लिहून देणार नाही. तुझा निबंध मी कधी लिहून दिला नाही, हाही देणार नाही.

तू नोकरी सोडावीस असे मी म्हणत नाही. पिना काढशील तेव्हा वैमानिकाच्या डोळ्यांत पाहून दाखव. त्याला तो हक्क आहे. आणि घरी येशील तेव्हा पाटी पाहून परत फिरू नकोस. ती पाटी तुझ्या आजोबांनी लावली आहे, तू मला भ्यावेस म्हणून नव्हे.

सोबत डबा पाठवत आहे. चकल्या तुझ्या आवडीच्या, किंचित जास्त तिखट. पत्ता चारी बाजूंनी लिहिला आहे. आत एक कोरा कागद आहे. त्यावर खडूने नव्हे, शाईने लिही, ‘तो बॉम्ब त्या विमानाला मी लावला.’ खाली तुझे पूर्ण नाव आणि पाठवणाऱ्याच्या जागी तुझा पत्ता. ‘भ’ त्यात येत नाही, म्हणून सबबही नाही.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. चकल्या संपव, डबा परत पाठव. माझे प्रेम त्या डब्यातून गेले आहे, तुझे त्यातूनच यावे. पण त्याच्या तळाशी उत्तर असले पाहिजे, आणि ते लेखी असले पाहिजे.

विनताआत्या