शिडी पडली, बादली निवडून आली

आदरणीय दादा,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा (कालपासून गावात माझी एवढीच ओळख उरली आहे) साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला बसला असेल. इकडे आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. काल रात्री नगरपालिकेचा निकाल लागला. आपल्या घरातला एक उमेदवार पडला आणि एक निवडून आला. पडलेला मी.

लोक तुम्हाला तिखटमीठ लावून सांगतील, म्हणून खरा प्रकार मीच कळवतो. आपला अर्ज बाद झाला तर हाताशी दुसरा असावा म्हणून उमेदवार घरातल्या कुणाचा तरी जादा अर्ज भरतो आणि आपला मंजूर झाला की तो मागे घेतो. मीही हिचा भरला. (भरला म्हणजे दोन्ही अर्ज तिनेच भरले. नगरपालिकेसमोरच्या आपल्या अर्ज भरून देण्याच्या दुकानात अक्षर तिचं आणि पाटीवर नाव माझं, हे तुम्ही जाणताच.) माघारीच्या कागदावर सही करून तिने तो माझ्या हातात दिला आणि "अहो, तीनच्या आत पोचवा" असं दोनदा बजावलं. मी तो कोटाच्या खिशात ठेवला आणि मिरवणुकीला गेलो. तीन वाजता मी गळ्यात हार घालून घेत होतो. वीस वर्षं लोकांना मुदतीवर व्याख्यानं देणाऱ्या माणसाची मुदत अशी हुकली. मला निशाणी मिळाली शिडी, तिला बादली. मी म्हटलं, राहू दे, यादीची शोभा वाढेल.

प्रचारात मी काही कमी केलं नाही. खरीखुरी चौदा फुटी शिडी खांद्यावर घेऊन आम्ही गल्लोगल्ली फिरलो. (शिंप्याच्या बोळात ती वळणावर अडकली. मागचे मागे राहिले, पुढचे पुढे, आणि मी मधोमध अर्धा तास भाषण केलं, कारण श्रोत्यांना जायला वाटच नव्हती. शेवटी ही दुकान बंद करून आली, "उभी करा ना" म्हणाली, आणि शिडी सुटली.) हिने प्रचार म्हणून काहीच केलं नाही. रोजच्यासारखी लोकांचे अर्ज भरत बसली.

मतमोजणी शाळेच्या हॉलमध्ये होती. आपला खरा शत्रू तो ठेकेदार, ज्याला सगळे रोलर म्हणतात, पंधरा वर्षं नगरसेवकाची तीच खुर्ची दाबून बसलेला. पहिल्या फेरीत मी त्याच्या चाळीस मतं पुढे! मी लगेच बाकावर चढून आभार मानले. बादलीच्या रकान्याकडे पाहिलंच नाही. घरातल्या बादलीकडे कोण पाहतं? दुसऱ्या फेरीत मी तिसरा. मी कार्यकर्त्यांना समजावलं की माझी मतं तिसऱ्या फेरीत आहेत. तिसऱ्या फेरीत ती नव्हती. बादली रोलरला एकोणीस मतांनी मागे टाकून निवडून आली. अधिकाऱ्याने विचारलं, विजयी उमेदवार कुठे आहेत? म्हटलं, घरी झोपल्यात. आपण त्यांचे कोण? म्हटलं, पराभूत उमेदवार.

पण दादा, नीट विचार करा. रोलरला हरवायचा पण मी केला होता आणि रोलर हरला. हिचा अर्ज राहिला कुणामुळे? माझ्यामुळे. तेव्हा या विजयाचा शिल्पकार कोण, हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही.

घरी येऊन हिला उठवलं, निकाल सांगितला. ती म्हणाली, "मग तुमचं काय?" पुढे म्हणाली, सोमवारी जाऊन राजीनामा देते, पोटनिवडणुकीला तुम्ही उभे राहा. सकाळी सहालाच दारात बायकांची रांग लागली. अभिनंदन तोंडदेखलं, खरं गाऱ्हाणं रात्री दोनला येणाऱ्या पाण्याचं. ही ओट्यावर बसून एकेकीचं लिहून घेत होती आणि मी सगळ्यांना चहा देत होतो. साखर जास्त झाली, असं माझ्याच मतदार म्हणाल्या.

एकूण परिस्थिती पूर्ण माझ्या ताब्यात आहे. काळजी नसावी.

तुमचा आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. – वहिनींना सांगा, शिडी आता भाड्याने मिळेल.

ता. क. दुसरा – परिस्थिती माझ्या ताब्यात नाही. काहीही करून रविवारी या. राजीनामा देऊ नकोस, हे तिला थोरल्या भावाच्या तोंडून ऐकू दे. मी सांगतो तर तिला वाटतं, मी मन मारून बोलतोय. मला वाईट वाटलंय, खोटं कशाला सांगू? पण मतदानाच्या रांगेत माझ्यापुढची म्हातारी म्हणाली, "तुझ्या बायकोनं माझं बंद पडलेलं पेन्शन सुरू करून दिलं. तू कशाला उभा राहिलास रे?" आत कागदावर हिचं पूर्ण नाव छापलेलं दिसलं. लग्नपत्रिकेनंतर मी ते छापलेलं पहिल्यांदाच पाहिलं. शिडीवर न्यायचा शिक्का मी बादलीवर मारला. हे तिला कळू देऊ नका. पण दादा, आयुष्यात एकदाच मी विचार करून मत दिलंय, ते वाया जाऊ देऊ नका.