सात दिवसांची मुदत

प्रिय बयो,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. मी अजून उत्तर लिहिलं नाही म्हणून तुझ्या आईनं माझ्याशी अबोला धरलाय. चहा झालाय हे ती भिंतीला सांगते आणि मी मुकाट्यानं उठून पितो. तू तरी काय मोठं मागितलंस? भिंगरीचा विद्यापीठाचा अर्ज आजोबांनी भरून द्यावा, एवढंच ना! जन्मभर प्रवेशाच्या खिडकीत बसलेल्या माणसाला नातीचा अर्ज म्हणजे हातचा मळ. पण पुढे तू स्वतःबद्दल लिहिलंस, ‘माझा हात लागला की काहीतरी राहतंच, बाबा, तुम्हाला तर माहीतच आहे.’ त्या ओळीपाशी माझं घोडं अडलंय. फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि हे फोनवर सांगायचंही नाही, म्हणून लिहितोय.

आधी कामाचं. आता अर्ज कॉम्प्युटरवर भरतात, पण मागतात तेच जे आम्ही मागायचो. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी मला माहितीपत्रक छापून आणून दिलं आणि मी चष्मा पुसून, पेन्सिल घेऊन बसलो. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत विज्ञान शाखा हवी, गणितात किमान पन्नास टक्के. भिंगरीला अडुसष्ट आहेत, तेव्हा तिकडची चिंता नको. मूळ गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो. प्रत्येक प्रतीवर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का, दोन्ही. नुसत्या सहीला कुणी विचारत नाही. काही राहिलं तर त्रुटी कळवतात आणि ती दुरुस्त करायला सात दिवस देतात. हे सात दिवस तेवढे आमच्या वेळेपासून जसेच्या तसे आहेत.

पोरं मला पाठीमागे त्रुटीकाका म्हणायची, आठवतं? तू घरी येऊन ते सांगितलंस तेव्हा आई हसून हसून खाली बसली होती. मला मात्र मनातून बरंच वाटलं होतं. त्रुटी काढायची ती पोराला बाहेर ठेवायला नाही, आत घ्यायला, असं मी नव्या कारकुनांना सांगायचो. फाटका दाखला, पुसट सही, तारीख चुकलेली, सगळं बघायचो आणि वेळेत कळवायचो. त्या खिडकीचा मला गर्व होता, बयो. खोटं कशाला बोलू?

तुझ्या अर्जाच्या आदल्या वर्षी ऑफिसात काय झालं ते तुला अर्धवटच माहीत आहे. आमच्या हेडक्लार्कनं पुतण्याच्या गुणांत सात गुण वाढवले आणि पकडला गेला. तो घरी बसला, पण तोंड काळं झालं सगळ्यांचं. बाजारात भाजी घेताना लोक विचारायचे, काय, तुमच्या खिडकीत काय भाव चाललाय? मी तेव्हा शपथच घेतली की आपल्या घरच्यांसाठी या ऑफिसातला कागदाचा कपटासुद्धा हलवायचा नाही. अन् पुढच्याच वर्षी तू अर्ज केलास, भूगर्भशास्त्राला.

तुझे ते दगड! खिडकीत दगड, कपाटात दगड, माझ्या बुटातसुद्धा एकदा दगड निघाला. प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली, कुठे सापडला, कधी सापडला. आई म्हणायची, ही लग्नात मांडवाला दगड लावणार. तू जेवताना नदीपात्रातल्या थरांबद्दल बोलायचीस आणि आमटी गार व्हायची. तुझ्यासारखा विद्यार्थी त्या विभागाला वर्षातून एखादाच मिळतो, हे मी, इतके अर्ज हाताखालून गेलेला माणूस, छातीवर हात ठेवून सांगतो.

मग ते पत्र आलं. गुणपत्रकाच्या प्रतीवर सही आहे, शिक्का नाही, सात दिवसांत दुरुस्त करावे. आलं आठव्या दिवशी दुपारी. तू ते हातात धरून दारातच उभी राहिलीस. संध्याकाळी मी आलो तेव्हा रडून तुझे डोळे सुजले होते. आणि मी काय केलं? खेकसलो तुझ्यावर. एवढा एक शिक्का बघता येत नाही, एवढी कसली वेंधळी, म्हणालो. तुझा अर्ज दुसऱ्या टेबलावर होता, मला काही पत्ता नव्हता, असंही म्हणालो. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. उलटून एक शब्द बोलली असतीस तर बरं झालं असतं गं.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता. तू नाही म्हणालीस, माझ्याच्यानं नाही होणार म्हणालीस, आणि मीही फार आग्रह केला नाही. दगड तू एका रविवारी गोणीत भरून नदीवर टाकून आलीस. मग तो हिशेबनिशीचा कोर्स, मग औषधांच्या गोदामातली नोकरी. तुझे साहेब मला लग्नात म्हणाले होते, तुमच्या मुलीच्या हातून आजवर एक खोकं इकडचं तिकडे झालं नाही, तीन तीन वेळा मोजते. ते कौतुक करत होते आणि मी ताट सोडून उठलो. तू कुलूप तीनदा ओढून बघतेस, गॅस बघायला जिन्यावरून परत जातेस, पत्रावर पत्ता लिहिलास की जावईबापूंना वाचायला लावतेस. आणि आता भिंगरीही तुला हसत म्हणते म्हणे, आई, तू वेंधळी, तू राहू दे, आजोबांना भरू दे. तेवीस वर्षांपूर्वीचा माझा शब्द माझ्या नातीच्या तोंडी गेला.

तुझ्याच वर्षी कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मुलीनंही अर्ज केला होता. तिच्याही प्रतीवर शिक्का नव्हता, दोघींची शाळा एकच ना. ती दुसऱ्याच दिवशी शिक्का मारून घेऊन आली, तिला प्रवेश मिळाला, आणि शिंप्यानं घरी येऊन माझे हात हातात घेतले. तू आतल्या खोलीत होतीस. तिला इतक्या लवकर कसं कळलं, हे तू कधीच विचारलं नाहीस. मी सांगितलं होतं, बयो. ऑफिसातून घरी येताना त्याच्या दुकानात डोकावलो आणि सांगून टाकलं. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना मी असंच सांगायचो.

तुझा अर्ज दुसऱ्या टेबलावर नव्हता, माझ्याच टेबलावर होता. शिक्का नाही हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं. घरी येऊन जेवताना एवढंच म्हणायचं होतं, उद्या शाळेत जा आणि शिक्का मारून आण. तेवढं मी म्हणालो नाही. घरच्यांना आधी सांगितलं म्हणजे हेडक्लार्कमध्ये आणि माझ्यात फरक काय, असं माझ्या डोक्यानं घेतलं. दुसऱ्याच्या पोरीला सांगताना हा विचार शिवला नाही, आपल्या पोरीच्या वेळी नियम आठवले. माझ्या हातानं पाकिटावर तुझं नाव लिहिलं, खाली माझं नाव, आपल्या घराचा पत्ता, आणि ऑफिसच्या दारातल्या टपालपेटीत टाकून त्याच वाटेनं घरी आलो. वीस मिनिटांची वाट. उद्या येईल, उद्या येईल करत रोज तुझ्या समोर बसून जेवलो. सातव्या दिवशी पाच वाजता खिडकी मीच लावली, नेहमीसारखी वेळेवर. पाकिटावरचं अक्षर तुझ्या आईनं ओळखलं, तुला आतला कागद तेवढा दिला आणि पाकीट चुलीत घातलं. पुढे चार महिने ती माझ्याशी बोलत नव्हती. तुझा प्रवेश हुकला म्हणून तिनं मनाला लावून घेतलंय, असं तुला वाटायचं.

परवा तेवढ्यापुरता अबोला सोडून आईनं तुझं पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलं, त्या ओळीपाशी थांबली आणि म्हणाली, आता तुम्ही सांगताय की मी सांगू? म्हणून हे लिहिलं. भिंगरीचा अर्ज मी भरणार नाही. तो तू भरायचा, एकटीनं, एकदाच वाचून, कुणाला न दाखवता. शिक्का तुझ्याकडून राहिला होता, तो अठरा वर्षांच्या कुठल्याही पोरीकडून राहतो. वर्ष तुझ्याकडून गेलं नाही, ते मी घालवलं. आणि तुझ्यावर ओरडलो ते मी पकडला जाईन या भीतीनं. माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागतो. हे पत्र पोस्टात टाकायचा धीर मला होत नाही. शनिवारी सकाळच्या गाडीनं मी स्वतः घेऊन येतोय. तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत दाराबाहेर जिन्यावर बसेन. मग दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच, कसाही असलो तरी,
बाबा